पत्रे अख्खे उतरव

झरी गावात कुणी घर उकललं की जुनं सामान शेजाऱ्यांनी मागायचं आणि घरवाल्यानं द्यायचं, अशी रीत. सिद्धोधनची बायको सत्यशीला तर कुणाला नाही म्हणायचीच नाही.

घरावरचे वाऱ्यानं तडकलेले सिमेंटचे पत्रे सिद्धोधन काढतोय म्हटल्यावर शेजारच्या बायनाबाई सकाळीच आल्या.

"भाऊजी, पत्रे काढायलेत म्हणं? आमच्या धुण्याच्या जागंला लय चिखल झालाय. त्यांचा चुरा टाकते तिथं."

शिडीवरच्या महारुद्र मिस्त्रीनं हातोडा उचललाच होता.

"हातोडा ठिव खाली," सिद्धोधन म्हणाला. "पाणी मार, नट सोडव. अख्खे उतरव. मेणकापडात गुंडाळायचेत."

"पत्रे हायत का नवरीचा शालू, काका?"

बायनाबाई हसल्या. सिद्धोधन हसला नाही.

सत्यशीला दर उन्हाळ्यात हेच पत्रे तारेच्या ब्रशनं कोरडे घासायची, मग चुना मारायची. घर थंड राहावं म्हणून. खाली उतरली की पापण्या पांढऱ्या. दोघं हसायची. पुढं तिला दम लागू लागला. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सगळं विचारून घेतलं. म्हणाले, या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे बारीक धागे असतात. घासलं, फोडलं की धुळीबरोबर छातीत जातात आणि तिथंच राहतात. आजार त्यानंच झाला, असं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. पण सत्यशीला गेली.

"द्यायचं नसंल तर तसं म्हणा," बायनाबाई म्हणाल्या. "सत्यशीला असती तर तिनं स्वतः आणून टाकलं असतं."

"टाकलं असतं," तो म्हणाला. "तिला ठाऊक नव्हतं, वैनी." मग त्यानं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. "तुमची नात तिथंच खेळती."

"आमच्या घरावरबी हेच हायत की!"

"असू द्या. धड हायत तवर घासू नका, भोकं पाडू नका."

बायनाबाई जायला वळल्या. पण त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. तो घरामागं गेला. सत्यशीला धुणं धुवायची ती शहाबादी फरशी त्यानं पहारीनं उचकटली.

"ही न्या. चिखलावर टाका."

"अन् तुमी कुठं धुणार?"

"एकट्याचं धुणं ते किती. बादलीत होतंय."

बायनाबाईंनी पदर खोचला आणि फरशीचं दुसरं टोक धरलं.