चार चौकोन

बँकेच्या खिडकीत बसून आईने लोकांची उधळपट्टी इतकी जवळून पाहिली होती, की लेकीच्या बाबतीत तिने आधीच कंबर कसली. खारू सात वर्षांची झाली तेव्हा तिने तिला एक वही दिली.

"काही हवंसं वाटलं, की आधी ह्यात लिहायचं. पुढे चार चौकोन. दर रविवारी एकात फुली. चारही भरले आणि तरी हवंच असलं, तर माझ्याकडे यायचं."

"आणि नको झालं तर?"

"खोडायचं. वही तुझी. मी डोकावणार नाही."

खारीसारखे पेन्सिलीचे तुकडेसुद्धा साठवणारी ती पोर. म्हणून तर घरात तिला खारू म्हणत. तिने नियम अगदी मनावर घेतला. वर्षभरात बाहुली खोडली, चाकांचे बूट खोडले. शेजारच्या खिडकीतल्या कॅशियरबाईंना हे सांगताना आई फुलून जाई.

"आमच्या ह्यांना पण दे गं एक," बाई म्हणत. "एकीत मावायचं नाही, दोन दे."

परवा मावशीचा फोन आला. खारूने तो डाव्या कानाला लावला, "हॅलो, हॅलो" केलं आणि आईच्या हातात दिला. "कट झालाय." मावशी तर पलीकडून बोलतच होती.

आज कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख आईसमोर सरकवला. उजव्या कानाची रेघ वर, डाव्याची पार तळाशी.

"कधीपासून हे?"

"दोन महिने," खारूच म्हणाली. "आधी शिट्टी वाजायची. मग थांबली."

"तेव्हाच का नाही आणलंत? पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर निदान आशा असते."

आई लेकीकडे वळली. "मला का नाही सांगितलंस, बाळा?"

खारूने दप्तरातून वही काढून पान उघडून दाखवलं. 'कानाचे डॉक्टर.' चार चौकोन, चार फुल्या आणि सगळ्यावरून पट्टीने मारलेली सरळ रेघ.

"चौथ्या रविवारी शिट्टी नव्हतीच. मग खोडलं." ती शाबासकीची वाट बघत थांबली. "डॉक्टर म्हणजे खर्चच ना?"

दोन आठवडे म्हणजे दोन फुल्या. दुसरी फुली पडली तेव्हा आई तिच्याच शेजारी, जेवणाच्या टेबलापाशी भाजी चिरत बसली असणार.

"आता?" तिने कसंबसं विचारलं.

"तो कान गेला. डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचवणारं यंत्र मिळतं. महाग आहे, पण शाळेत उपयोग होईल."

"घेऊ. आजच घेऊ," आई पुटपुटली. ती खारूच्या डावीकडे बसली होती.

खारूने पेन्सिलीचा तुकडा काढला होता. नव्या ओळीवर काहीतरी लिहून ती पुढे चौकोन आखत होती. एक. दोन. आईने वहीकडे हात नेला, तशी ती दचकली आणि वही छातीशी धरली.

"डोकावायचं नाही, आई. ठरलंय ना आपलं?"