झेन्झीच्या वॉल्ट्झमधली गप्प जागा

अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या खुणांवर भोकं पाडली. जत्रेतला यांत्रिक बाजा वाजतो तो घडीच्या लांबलचक पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्यात भोक आलं की त्या सुराच्या नळीत हवा शिरते, बस्स. भोक कुठे हवं ते आखायचे सेवेरीन मास्तर, आणि पाडायची मी. वाल्डकिर्शमध्ये लोक माझ्या उजव्या दंडाचं कौतुक करायचे, डोक्याचं कुणीच नाही!

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा कुठे ते म्हणाले, "झेन्झी, एक वॉल्ट्झ तू रच, तूच आख. जत्रेत हॅटिशबाईंच्या घोड्यांच्या पाळण्यावर वाजवू. बाईंनी घेतला तर आखणीचं टेबल तुझं. नाही घेतला तर फ्राइबुर्गहून माणूस आणतो, आणि तू बस आपली ठोकत."

तीन आठवडे मी जेवणाकडेही धड पाहिलं नाही. बासऱ्या, कर्णे, ढोल, सगळं चढत चढत जातं, आणि ऐन मध्यावर एकदम गप्प! तीन सेकंद काही नाही. पुठ्ठा कोरा. मग पुन्हा सगळे मिळून तुटून पडतात. त्या कोऱ्या जागेचा मला इतका गर्व होता की विचारू नका. कारखान्यात मास्तरांना ऐकवलं, तर म्हणाले, "जत्रेत कळेल." खडूस मेले!

रविवारी दुपारी पाळणा खच्चून भरला होता. लाकडी घोडे, हंस, एक डुक्कर, सगळ्यांवर पोरं. ब्रेकपाशी पाळणा चालवणारा अलोईस, बाजाकडे पाठ, हातात सॉसेज. बाजा थांबला की ब्रेक ओढायचा, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. साऱ्या गावाला ठाऊक होता. मलाही होता हो! पण रचताना मला सूरच ऐकू येत होते, पाळणा कुठला आठवतोय?

गप्प जागा आली. मी डोळे मिटले. आणि खर्रर्र! अलोईसनं ब्रेक ओढला. जुनी पोरं कुरकुरत उतरायला लागली, नवी चढायला धावली, तोच बाजा पुन्हा गरजला. अलोईसनं दचकून ब्रेक सोडला, आणि भाच्याला बसवायला चढलेला जाडा पाववाला डुकराच्या गळ्यात पडून गरगर फिरला.

"अगं भवाने, पोरांची अर्धी फेरी खाल्लीस की!" हॅटिशबाई ओरडल्या.

"बाजा थांबला, मी थांबवलं. माझं काय चुकलं?" अलोईस म्हणाला.

"संपलं नव्हतं! श्वास घेतला होता नुसता!"

"श्वास घरी जाऊन घे," बाई म्हणाल्या. "ती गप्प जागा आत्ताच्या आत्ता भर, नाहीतर तुझा वॉल्ट्झ मला नको."

मास्तरांनी खिशातून हातपंच काढला आणि माझ्यापुढे धरला. "घंटेची ओळ. तीन भोकं पुरे."

मी पाळण्याच्या पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण पाडली, तिन्ही पाडली.

पुन्हा वाजवलं. टिण, टिण, टिण. अलोईस निवांत सॉसेज चघळत राहिला. पाळणा फिरत राहिला. दुसऱ्या फेरीला तर पोरंच ओरडायला लागली, "टिण, टिण, टिण!"

"घेतला!" हॅटिशबाईंनी मला मिठी मारली. "बाकी ठीकच आहे गं, पण त्या घंटा! काय सुरेख सुचलं तुला!"

मी हसले. करते काय!

घरी जाताना मात्र मी मास्तरांवर उखडले. "तुम्हाला आधीच कळलं होतं. खिशात पंच घेऊन आलात!"

"हो."

"मग बोलला का नाहीत? चारचौघांत शोभा झाली माझी!"

मास्तरांनी माझ्या हातातला पंच घेऊन खिशात टाकला. मग म्हणाले, "माझी अशीच एक गप्प जागा माझ्या मास्तरांनी कागदावरच खोडली होती. म्हटलं, तुझी निदान एकदा तरी वाजू दे."