हिरवळ आणि भाड्याचे हात

मित्रांनो, इस्रायलमधल्या अश्केलोन गावात एका घराच्या बगलेला पत्र्याची शेड आहे; तिच्या दारातून पुढचा ओटाही दिसतो आणि मागचे अंगणही. तिच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असलेली, हिरवळ कापायची जुनी हातमशीन ती मी. मला मोटर नाही आणि पेट्रोलही लागत नाही. मला लागतो फक्त एक ढकलणारा माणूस. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या तक्रारी त्या माणसांबद्दलच आहेत.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बिडाची दोन चाके, मागे लाकडी रूळ, आणि मध्ये पाच वळणदार पाती. ही पाती फिरताना खालच्या आडव्या पात्याला जेमतेम घासतात आणि गवत कात्रीसारखे कापले जाते. हे बारीक काम आहे. ते ज्याला कळत नाही, त्याने माझ्या मुठीला हात लावू नये असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे.

बोटीने मी मुंबईला आले. परळला रेल्वेच्या साहेबांचा क्लब होता. त्याच्या टेनिसच्या हिरवळीवर मी कित्येक वर्षे राबले. साहेब लोक वेताच्या खुर्च्यांत बसून एकमेकांना म्हणत, "हिरवळ छान राखली आहे." जणू काही ती त्यांनीच राखली होती! माझ्या पात्यांना धार लावायचे काम बिन्यामिन मिस्त्री करीत. ते पेणजवळच्या वाकरूळ गावचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून शुक्रवारी दुपारीच मला तेल घालून ठेवीत. माणूस म्हणावा असा तो एकच भेटला. साहेब गेले, क्लबाने मला भंगारात काढले, आणि मिस्त्रींनी मला उमरखाडीच्या आपल्या खोलीत नेऊन खाटेखाली ठेवले. घराला अंगण नव्हते, तरीही ते मला तेल घालीत राहिले.

ते वारल्यावर त्यांचा मुलगा येहेझकेल बायकोमुलीला घेऊन इस्रायलला निघाला, आणि वडिलांची आठवण म्हणून त्याने मला सामानाच्या पेटीत घातले. हैफाच्या बंदरावर जकातवाल्याने पेटी उघडली आणि तो हसत सुटला. "इथं वाळूत काय कापणार? उंटाची दाढी?" त्याचा मला राग आला नाही. अडाणी माणसाचा राग धरून काय उपयोग?

पहिली काही वर्षे एका खोलीत गेली. मग १९६२ साली येहेझकेल पाइपांच्या कारखान्यात फोरमन झाला आणि त्याला अंगण असलेले घर मिळाले. अंगणात सगळी वाळूच होती. त्याने पोत्यांनी तांबडी माती आणली, आणि संत्र्यांच्या बागेतल्या पाटाकडेची हरळी खणून आणली. त्याची बायको मलका कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो, आपल्याकडे ही हरळी शेतातनं उपटून फेकतात. आणि तुम्ही ती लावताय?"

"बघ तर खरी," तो म्हणाला.

त्याने ती लावली, पाणी दिले, तुडवली, पुन्हा पाणी दिले. उन्हाळा संपेपर्यंत अंगण हिरवे झाले. दर शुक्रवारी दुपारी कारखान्यातून आला की तो बनियन आणि अर्धी चड्डी घालून मला बाहेर काढी. हात काही वडिलांचा नव्हता, पण ओळी सरळ येत. कापून झाले की मलका चहा आणी आणि दोघे पायरीवर बसत. त्याच्या आयुष्यातला तो एवढाच एक उन्हाळा मी बरा म्हणेन.

पुढच्या वसंतात एका शुक्रवारी तो असाच मला ढकलत होता. कुंपणापाशी एक बाई थांबल्या. डोक्याला उन्हाची टोपी, हातात पर्स. त्यांनी हिब्रूत विचारले, "तू इथला गनान ना?" गनान म्हणजे माळी. "छान कापतोस. हे घर आटपलं की आमच्याकडे ये. मालकाला मी सांगते हवं तर."

त्यांनी कुचेष्टेने विचारले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे एक सावळा माणूस बनियनवर गवत कापत होता, आणि अशा माणसाचे स्वतःचे घर असू शकते हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. एवढ्या रिकाम्या डोक्यावर एवढी मोठी टोपी कशाला, असे मला वाटले.

पण खरी कमाल पुढे झाली. "हे घर माझं आहे बाई," एवढे चार-पाच शब्द बोलायचे होते. येहेझकेलला हिब्रू चांगली येत होती. तो काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "केन, गेव्हेरेत." म्हणजे, होय बाईसाहेब.

बाई निघून गेल्या. खिडकीत मलका उभी होती. तिने सगळे ऐकले होते, हे त्यालाही दिसले. अर्धे अंगण कापायचे तसेच ठेवून त्याने मला शेडमध्ये ढकलले. पाती पुसली नाहीत, तेल घातले नाही. दार असे आपटले की बिजागरी निसटली आणि तेव्हापासून दार अर्धवट उघडेच राहिले.

रात्री जेवताना तो म्हणाला ते मला उघड्या खिडकीतून ऐकू आले, "आता फोरमन आहे मी. सगळे सर्व्हिस लावतात. आपणही लावू."

"मग त्या बाईंकडे जायचं नाही वाटतं?" मलका म्हणाली. तो ताटावरून उठून गेला.

सर्व्हिस म्हणजे त्स्वी नावाच्या माणसाची छोटी ट्रक. तिच्यावर मोटरची मशीन बसवलेली. तिच्याबद्दल मी काय बोलू? तिला एकच पाते, आणि तेही सळईसारखे बोथट. ती गवत कापत नाही, झोडपते. हरळीची टोके फाटून दोन दिवसांत पांढरी पडत. आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची मांजरे पळत. पण लोकांना ती आवडे, कारण आवाज ऐकून शेजाऱ्यांना कळे की ह्यांनी सर्व्हिस लावली आहे.

त्स्वी स्वतः कधी गवताला हात लावीत नसे. तो ट्रकमध्ये बसून सिगारेट ओढी, आणि काम करायला त्याने एक म्हातारा आणला होता. तो म्हातारा कोण, हे त्याने टोपी काढून घाम पुसला तेव्हा मी ओळखले. उमरखाडीचे अबाजी शिंपी! मिस्त्रींच्या खोलीवर ते दर सणाला येत. येहेझकेलच्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता. ते नुकतेच मुंबईहून आले होते. इथे तयार कपडे घेतात, शिंपी कुणाला हवा? म्हणून साठीच्या माणसाच्या हाती त्स्वीची मशीन आली. त्यांना हिरवळीतले ओ की ठो कळत नव्हते. कडेची सगळी फुलझाडे त्यांनी पहिल्याच दिवशी साफ केली. मी मनातून त्यांना पुष्कळ नावे ठेवली.

येहेझकेल ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. अबाजी मशीन थांबवून जवळ आले.

"अरे, तू बिन्यामिनचा येहेझकेल ना? वाकरूळकरांचा?"

शेजारचे लोक कुंपणाशी उभे होते. त्स्वी ट्रकमधून बघत होता. येहेझकेलने वर्तमानपत्र जरा खाली केले आणि हिब्रूत म्हणाला, "मागच्या बाजूचंही गवत राहिलंय."

अबाजींनी टोपी सारखी केली. "बेसेदेर," ते म्हणाले. म्हणजे, ठीक आहे. ते मागच्या बाजूला गेले.

मित्रांनो, बिडाच्या वस्तूला थुंकता येत नाही, ही माझी त्या दिवशीची अडचण होती. मलका बाहेर आली, सरळ मागे गेली आणि अबाजींना घरातल्या कपात चहा दिला. "काका, बसा," ती मराठीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. येहेझकेलने पान उलटले.

असा तो उन्हाळा गेला. अबाजी येत, कापत, चहा पीत. ओट्यावरचा माणूस त्यांच्याशी बोलत नसे. मी शेडमध्ये गंजत होते आणि मला वाटे, गंज चढावा तर तो ओट्यावर चढावा.

उन्हाळ्याच्या अखेरीस शराव सुटला. शराव म्हणजे वाळवंटाकडून येणारा तापलेला वारा. त्यात माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. आदल्या दिवशी पाणी जास्त झाल्याने गवत ओले होते आणि मोटरची मशीन सारखी तुंबत होती. अबाजी तिला बंद करीत, गवत काढीत, दोरी ओढून पुन्हा चालू करीत. त्स्वीला अजून बरीच घरे करायची होती. तो ट्रकमधून ओरडला, "बंद कशाला करतोस? चालू मशीनमध्येच हात घाल आणि ओढून काढ!"

येहेझकेलने हे ऐकले. तो ओट्यावर होता, वारा त्याच्याच दिशेने होता. अबाजींनी त्याच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. मग अबाजींनी हात घातला.

मलका टॉवेल घेऊन धावली. मलकाची मुलगी येमिमा शेजाऱ्यांकडे मोटार मागायला पळाली. आणि येहेझकेलने काय केले? आधी वर्तमानपत्राची घडी घातली. चांगली चार पदरी घडी! ती खाली ठेवली आणि मग तो उठला. भीतीने माणसाला काय करावे ते सुचत नाही म्हणतात. असेल. मी पाहिले ते सांगितले.

अबाजींच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धी गेली.

दोन दिवसांनी त्स्वी आला. त्याने टोपी काढली होती, आवाज मऊ केला होता, आणि आज तो 'अदोन', म्हणजे श्रीयुत, अशी हाक मारत होता. "अदोन वाकरूळकर, चौकशीला लोक येतील. म्हाताऱ्यानं आपणहून हात घातला, एवढंच सांगायचं. तुमचं म्हणणं ऐकतील ते. त्या हिंदुस्थानातल्या लोकांची गोष्ट वेगळी, त्यांना काही कळत नाही. तुम्ही शिकलेले. तुम्ही तर त्यांच्यातले वाटतच नाही."

मलका दारात उभी होती. मला अर्धवट दारातून येहेझकेलचा चेहरा दिसत होता. हेच वाक्य कुणीतरी म्हणावे म्हणून त्याने मला शेडमध्ये कोंडले होते, हेच ऐकायला तो उन्हाळाभर ओट्यावर बसला होता. आता ते कानी पडल्यावर त्याचे तोंड कडू औषध घेतल्यासारखे झाले.

"मी त्यांच्यातलाच आहे," तो म्हणाला. "माझ्या लग्नाचा कोट त्यांनी शिवलाय. हात घाल असं तू सांगितलंस. मी ऐकलं, आणि ऐकून गप्प बसलो. दोन्ही सांगणार आहे मी."

त्स्वी खूप काही बोलला. ते लहान मुलांना सांगण्यासारखे नाही. चौकशीत येहेझकेलने म्हटल्याप्रमाणे दोन्ही सांगितले. त्याचे म्हणणे ग्राह्य धरले गेले आणि अबाजींच्या हाताची जबाबदारी त्स्वीवर आली. गल्लीतले काही लोक येहेझकेलशी बोलेनासे झाले, कारण त्स्वीची ट्रक त्यानंतर आमच्या बाजूला फिरकली नाही आणि त्यांचे गवत गुडघाभर वाढले. स्वतः वाकून कापावे हे एकालाही सुचले नाही.

तो इस्पितळात गेला तेव्हाचे मी मलकाच्या तोंडून ऐकले. शेडच्या पायरीवर तांदूळ निवडता निवडता ती येमिमाला सांगत होती. खोलीत बरीच माणसे होती. येहेझकेल खाटेशी उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "अबाजीकाका, मी बिन्यामिन मिस्त्रींचा येहेझकेल." अबाजी म्हणाले, "अरे, मी पहिल्याच दिवशी ओळखलं तुला. बसतोस अगदी बापासारखा. म्हटलं, पोर मोठ्या पदावर गेलंय, चारचौघांत त्याची अडचण नको." मग येहेझकेल तिथेच, सगळ्यांसमोर रडला.

येमिमाने हिब्रूत विचारले, "मग अब्बा आधी का नाही बोलला?"

मलका तांदूळ निवडत राहिली.

हात बरा झाला तर एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे हाकेला धावणाऱ्या प्रेषिताचा, मलिदा करीन, असा नवस मलका बोलली होती. १९६४ च्या जानेवारीत तू बिश्वात या झाडांच्या सणाला तो ठरला. आदल्या आठवड्यात येहेझकेलने मला बाहेर काढले. चाके फिरेनात. त्याने रॉकेलने गंज काढला, कानशीने पाती घासली, तेल घातले. पात्यांवर स्वतःची दोन बोटे चिरून घेतली, फडके गुंडाळले आणि पुन्हा घासू लागला. मग भर दुपारी, पुढच्या अंगणात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर बनियनवर मला ढकलू लागला. थंडीने हरळी पिवळी पडली होती आणि मधे मधे मोटरने जाळलेले चट्टे होते. मीही मुद्दाम अडखळत होते. त्याला सहज माफी मिळावी असे मला वाटत नव्हते.

अबाजी खुर्चीवर बसून बघत होते. हाताची पट्टी नुकतीच निघाली होती. "येहेझकेल, टीप वाकडी जातेय रे," ते ओरडले. "डावीकडं घे. कोटाला अशी शिलाई केली असती तर तुझं लग्न झालं असतं का?"

सगळे हसले. येहेझकेलही हसला आणि डावीकडे वळला.

मलिद्याला चाळीसेक माणसे आली. गोड पोहे, खोबरे, केळी, खजूर यांचे ताट मधे ठेवले. प्रार्थनेनंतर पहिला घास अबाजींना दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. उजव्याने त्यांना आता सुई धरता येत नाही. ती पुढे कधी धरता येणारही नाही.

मित्रांनो, तुम्ही हिरवळ स्वतः कापा किंवा सर्व्हिस लावा, मला त्याचे सोयरसुतक नाही. मजुरी करणे वाईट नाही, मजूर लावणेही वाईट नाही. पण माझ्यासारख्या अवजाराचे काम झाले की पाती पुसा, तेल घाला, त्याला लाजेने कोंडून ठेवू नका. आणि दुसऱ्याच्या हाताला काम द्याल तेव्हा त्या हाताच्या माणसाचे नाव विचारा. तो हात घालण्याआधी मोटर बंद झाली आहे ना, ते स्वतः उठून पाहा. एवढे करायला ओट्यावरून फक्त दोन पायऱ्या उतराव्या लागतात.

येहेझकेल हल्ली दर शुक्रवारी मला पुसताना जरा जास्तच वेळ घेतो. त्याला काय हवे आहे ते मला कळते. पण मी गवत कापणारी मशीन आहे. माफ करण्याचे काम अबाजींचे होते. त्यांनी ते केले, आणि माझ्या मते फार लवकर केले.