लाखेखालचा दोरा

"साहेबांना बोलाव," दाभणकाका म्हणाले. "आणि जाताना दार ओढून घे."

सकाळचे नऊ वाजले होते आणि अकराला सह्या होत्या. सभागृहात झेंडे, खुर्च्या, पाण्याचे पेले, सगळं मांडून झालं होतं. परराष्ट्र खात्याच्या करार शाखेत, म्हणजे आमच्या खोलीत, दाभणकाका टेबलाशी उभे होते. समोर निळ्या कातडी बांधणीच्या दोन प्रती उघड्या होत्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, पण झालं काय?"

"शेवटची पानं उलटसुलट लागलीत. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. माझ्या हातून."

मी मटकन खुर्चीत बसले.

एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ, असं तुम्हाला वाटेल. नोकरीला लागले तेव्हा मलाही वाटलं असतं, म्हणून आधीच सांगून टाकते. दोन देशांत करार झाला की त्याच्या दोन प्रती निघतात. मजकूर शब्दन् शब्द तोच. पण आमच्या घरी राहणार त्या प्रतीत आमच्या देशाचं नाव आधी आणि आमच्या मंत्र्यांची सही डावीकडे; त्यांच्या घरी जाणार तिच्यात त्यांचं नाव आधी आणि त्यांची सही डावीकडे. ज्याच्या कपाटात जी प्रत, तिच्यात त्याला पहिला मान. कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी फिदीफिदी हसले होते. काका केवढे रागावले! "हसतेस काय? ह्या पोरखेळावर तोफा गप्प बसतात, माहितीये?"

खोटं नव्हतं ते. ह्या कराराची बोलणी अकरा वर्षं चालली होती. एकदा त्यांच्या बाजूच्या खुर्च्या दोन बोटं बुटक्या निघाल्या म्हणून मोडली. एकदा कच्च्या मसुद्यात दोन्हीकडे आमचंच नाव पहिलं पडलं, तर त्यांचे लोक वह्या मिटून उठून गेले ते अडीच वर्षांनी परत आले. भाषा दोन्हीकडची एकच, भांडायची हौसही एकच. आणि आज नेमकी तसलीच चूक, तीही पक्क्या प्रतीत.

गुपचूप सुधारावी म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. प्रत्येक प्रतीची चौदा पानं दोऱ्याने शिवतात आणि दोऱ्याची दोन टोकं शेवटच्या पानामागे लाखेत बसवून तिच्यावर दोन्ही देशांच्या मोहरा उमटवतात. लाख फोडल्याशिवाय दोरा सुटत नाही. आणि लाख एकट्याने फोडायची नाही, दोन्हीकडची माणसं समोर हवीत, हा नियम. आदल्या संध्याकाळीच मोहरा झाल्या होत्या. लाख टणक झाली होती.

दाभणकाका हे आमचे बांधणीवाले. चौतीस वर्षं नोकरी, पैकी चौतीस वर्षं शर्टाच्या खिशात दाभण. निवृत्तीला दोन महिने उरले होते. दोन प्रती कधी एका वेळी टेबलावर घ्यायच्या नाहीत, हा त्यांचा स्वतःचा नियम. एक शिवायची, कपाटात कुलूपबंद करायची, मग दुसरी काढायची. मी एकदा चिडवलं होतं, "काका, जुळी मुलं असती तर एकाला कपाटात घातलं असतंत का?" तर म्हणाले, "अदलाबदल व्हायची भीती असती, तर घातलं असतं."

असा माणूस चुकला कसा? तर माझ्यामुळे. बोलून टाकते म्हणजे सुटेन.

हा करार पुलाचा होता. आमच्या आणि त्यांच्या मधल्या नदीवरचा पूल एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी बंद झाला. दोन्ही टोकांना काटेरी तारा पडल्या आणि जो जिथे होता तो तिथेच राहिला. दाभणकाकांची ताई पलीकडे दिलेली. आई दोघांची लवकर आजारी पडली, म्हणून काकांना न्हाऊमाखू घालून ताईनेच वाढवलेलं. एकतीस वर्षांत दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. जागतिक संघटनेची एक मदत कचेरी होती, तिच्या टपालातून वर्षातून चार पत्रं यायची. एक पान, पाकीट नाही, घरगुती खुशालीपलीकडे एक अक्षर नाही. आई गेली ते ताईला तीन महिन्यांनी कळलं.

सह्यांच्या आदल्या दुपारी चार वाजता असंच एक पत्र आलं. काका पहिली प्रत शिवायला घेणार होते. काम उरकेपर्यंत थांबायला मला काय झालं होतं? पण आनंदाच्या भरात धावत नेऊन दिलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. "डोळ्यांपुढे आता धूर दिसतो. माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. पूल खरंच उघडणार असेल तर लवकर उघडायला सांग रे तुझ्या साहेबांना."

काकांनी ते तीनदा वाचलं आणि खिशात दाभणाशेजारी ठेवलं. मग दोन्ही प्रती एकदम टेबलावर घेतल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

उपसचिवसाहेब आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, खिडकीपर्यंत जाऊन परत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "कळणारे का कुणाला? शेवटचं पान वाचतो कोण? मी शेजारी उभा असतो, बोटाने जागा दाखवतो, ते सही करतात. प्रती कपाटात जातील. संपलं."

"साहेब, मला कळलंय ना."

"अहो काका, हातातोंडाशी आलेला घास आहे! ते उठून गेले तर?"

"जातील कदाचित. चूक माझी आहे, मीच सांगतो. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

साहेब बाहेर पडले तशी मी काकांचा हात धरला. "काका, ताईंचा विचार करा. आणखी अडीच वर्षं गेली तर? त्यांचे डोळे..."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. आवाज इतका कोरडा होता, की मी हात सोडला.

अकराला पाच कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती. लांब टेबलाच्या एका बाजूला आमचे मंत्री, दुसऱ्या बाजूला त्यांचे, टोकाला जागतिक संघटनेचे निरीक्षक. त्यांच्या मंत्र्यांमागे करड्या कोटातल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या देशाची मोहर त्या सांभाळत. लाकडी डबी गोफाने गळ्यात अडकवलेली. आदल्या संध्याकाळी त्यांनी लाखेवर मोहर दाबली तेव्हा "झालं" एवढा एकच शब्द बोलल्या होत्या. मला त्यांची भीतीच वाटायची.

दाभणकाका दोन्ही प्रती घेऊन थेट टेबलापाशी गेले.

"मी बांधणी करतो," काका म्हणाले. "शेवटची पानं माझ्याकडून उलटी शिवली गेलीत. आमच्या प्रतीत तुमचं नाव आधी आलंय, तुमच्या प्रतीत आमचं. चूक माझी एकट्याची. लाख फोडायची परवानगी द्या, मी इथं सगळ्यांसमोर नीट करतो."

त्यांच्या एका सल्लागाराने वही मिटली. मिटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमचे मंत्री साहेबांकडे अशा नजरेने बघत होते, की साहेब भिंतीत शिरतील की काय वाटलं.

त्यांच्या मंत्र्यांनी दोन्ही प्रती पुढे ओढल्या. शेवटचं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मान वर न करता विचारलं, "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलं असतं?"

"आज नसतं कळलं."

"मग?"

"आज तुमचं-आमचं गोड आहे, म्हणून चालून गेलं असतं. उद्या कधी तरी बिनसेल. तेव्हा कुणी तरी कपाटातून हे पान काढेल आणि म्हणेल, बघा, करारच चुकीचा. पूल बंद करायला तेवढं पुरतं, साहेब. मला तो परत बंद व्हायला नकोय."

ताईचं नाव काढतील असं मला वाटलं. नाही काढलं. पत्र खिशातच होतं, बोट लावलं असतं तर बाहेर आलं असतं.

मंत्र्यांनी दोन्ही प्रती काकांकडे परत सरकवल्या. "किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. घाई केली तर पंचवीस."

निरीक्षक खुदकन हसले आणि मग, काय सांगू, आमचे मंत्रीही हसले. त्यांच्या मंत्र्यांनी मागे वळून मोहरवाल्या बाईंना नुसती मान हलवली. त्या सल्लागाराने वही परत उघडली.

त्यानंतरची वीस मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. काकांनी दाभणाच्या टोकाने लाख फोडली. तुकडे रुमालात गोळा केले, दोन्ही देशांच्या मोहरा त्यांच्यावर होत्या म्हणून. दोरा उसवला, शेवटच्या पानांची अदलाबदल केली, कडा बोटाने चाचपून जुळवल्या. नवा दोरा सुईत ओवायला घेतला. एकदा चुकला, दोनदा चुकला. मी पुढे होणार, तेवढ्यात करड्या कोटातल्या बाई टेबलाला वळसा घालून आल्या. काही न बोलता त्यांनी काकांच्या हातून सुई घेतली, दोरा ओवला आणि सुई परत दिली. मग शिवताना दोऱ्याचं दुसरं टोक ताणून धरून उभ्या राहिल्या.

दोन देशांचे मंत्री खुर्चीत हलले नाहीत. ज्यांनी अकरा वर्षं एकमेकांना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, ते दोघं आता एका सुईकडे टक लावून बघत होते. ती पानात शिरायची, वर यायची, परत शिरायची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी चौदा पानं टाइप केली होती, कलम अन् कलम मला पाठ होतं. पण दोन देश एकमेकांना शब्द देतात म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. रणगाडे, आरमारं, जगाचे नकाशे, सगळं त्या वीतभर दोऱ्यापाशी येऊन थांबलं होतं. त्याचं एक टोक त्यांच्या बाईंच्या चिमटीत होतं आणि एक आमच्या दाभणकाकांच्या.

लाख वितळली. दोन्ही मोहरा उमटल्या. बाई म्हणाल्या, "झालं." ह्या वेळी त्या काकांकडे बघून म्हणाल्या.

अकरा वाजून चोवीस मिनिटांनी सह्या झाल्या. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दाभणकाकांना मेमो मिळाला. 'कामात हयगय केल्याबद्दल.' टाइप मीच केला. प्रत्येक अक्षर दातओठ खाऊन बडवलं. काकांनी तो शांतपणे वाचला, पोच म्हणून सही केली आणि म्हणाले, "समास डावीकडे कमी पडलाय बघ."

पूल चाळीस दिवसांनी उघडला. आदल्या दिवशी काका माझ्या टेबलाशी घुटमळले. "येतेस का उद्या माझ्याबरोबर? मला एकट्याला जाववणार नाही."

गेलो. दोन्ही तीरांवर माणसांची ही गर्दी. तारा काढल्या होत्या, त्यांची भोकं कठड्यात दिसत होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि उरलेसुरले केस पाणी लावून बसवले होते. दाभण मात्र खिशात होतंच. म्हटलं, आज तरी काढायचं होतंत. माणसं पलीकडून यायला लागली. कुणी पळत होतं, कुणी मध्येच उभं राहून रडत होतं. काका एक एक चेहरा बघत होते.

मग एक म्हातारी बाई आली. हातात कापडी पिशवी, एक हात कठड्यावर, पाऊल चाचपत टाकत. काका ताठ झाले. मला सांगावं लागलं नाही.

ती आमच्यासमोरून सरळ पुढे गेली. काकांच्या तोंडून शब्द फुटेना. मंत्र्यांसमोर घडाघडा बोलणारा हा माणूस! मी त्यांना कोपराने ढोसलं. चार पावलांवर जाऊन बाई थांबल्या, वळल्या आणि समोर कुणी तरी उभं आहे एवढं बघून काकांनाच म्हणाल्या,

"अहो, जरा बघता का? माझा भाऊ यायचाय न्यायला. हडकुळा आहे, काळेभोर केस आहेत. एकोणतीस वर्षांचा..." मग स्वतःशीच हसल्या. "म्हणजे, तेव्हा होता. आलाय का हो तो?"

काकांनी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आलाय ताई," ते म्हणाले. "जरा उशीर झाला त्याला."