सोनवेशीची भिंत वाढवली तेव्हा

चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात कर्जतच्या मुलखात सोनवेस नावाचं शहर होतं. कडावच्या पुढे, जिथे भातखाचरं संपून डोंगराचा उतार लागतो तिथे. शहराला जुना दगडी कोट होता, आणि कोटाबाहेर त्याला चिकटून आणखी एक भिंत उभी होती. ती कुणी बांधली नव्हती. ती पेरली होती.

राजमाचीच्या अंगाने एका सकाळी ढग खाली उतरले आणि ढगांतून फौज उतरली. लोक त्यांना 'वरचे' म्हणू लागले. वरच्यांनी वेशीचे दरवाजे उखडून फेकले, कोटाच्या कडेने राखाडी बियाणं टाकलं, भिवपुरीच्या तारांवरून वीज ओढून त्याला पाजली, आणि संध्याकाळपर्यंत भिंत उगवली. वेशीही तिने बुजवून टाकल्या. दिसायला काचेसारखी, पण हात लावला तर म्हशीच्या पाठीसारखी ऊबदार. तिला कान होते. ज्या मातीत ती रुजे, त्या मातीत बोलली जाणारी भाषा तेवढी तिला कळे, तीही आसपासच्या माणसांचं बोलणं ऐकून ऐकून. म्हणून वरच्यांच्या सुभेदाराला मराठी शिकणं भाग पडलं. रोज सकाळी तो वेशीत उभा राहून म्हणे, "उंच हो." भिंत वीतभर उंच होई.

त्याच वेशीच्या कमानीत येसूबाईचं नारळाचं दुकान होतं. दुकानाची पाठ थेट भिंतीला लागलेली. येसूबाईची एकुलती लेक चिमा कडावला दिलेली, म्हणजे भिंतीबाहेर. चिमाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर आत अडकलं होतं. मग चिमा रोज सकाळी वालाच्या शेतातून जड पावलांनी चालत येई आणि भिंतीपलीकडून हाक मारी.

"आये! हाइस का गं?"

"हाय गं बाय! पोटातलं वाढतंय ना नीट?"

"वाढतंय. लाथा मारतंय मेलं. बापावर गेलंय."

शेजारच्या दुकानातली मोतीबाई कासारीण बांगड्यांच्या माळा टांगता टांगता हसे. "एवढी वरडतेस येसू, वरच्यांना वाटंल नारळाचा भाव सांगतेस."

पण भिंत चढत होती तशी चिमाची हाक बारीक होत चालली होती. पहिल्यांदा तिच्यातली धाप ऐकू येईनाशी झाली, मग हसू. आता नुसती हाक उरली होती. तीही गेली म्हणजे लेकीच्या कळा सुरू झाल्याचंसुद्धा आपल्याला कळणार नाही, या विचाराने येसूबाई दिवसभर भिंतीला कान लावून बसे.

पौषातल्या पुनवेला धाकलू गुरव नारळ घ्यायला आला. गावदेवीचं देऊळ भिंतीबाहेर राहिलेलं.

"देवीकडं तोंड करून इथंच फोडतो," तो म्हणाला.

"फोडतो काय म्हंता, दादा? सनासुदीचं! वाढवतो म्हना."

"चुकलो बाय. वाढवतो."

"वाढवा."

धाकलूने भिंतीच्या पायथ्याशी नारळ आपटला. नारळाची दोन भकलं झाली, आणि भिंतीला मुठीएवढं भोक पडलं. भोकातून वालाच्या फुलांचा वास आत आला. मग येसूबाईने हळूच पुढे होऊन टोपली भोकावर टेकवली.

दिवस मावळताना दुकानाच्या फळ्या लावत ती सवयीने म्हणाली, "मोती, वाढवलं गं मी दुकान." पाठीमागे भिंतीत बारीक चीर सरसरत गेली. गोठ्यात झोपलेलं जनावर कूस बदलतं तसा आवाज झाला.

मोतीबाईने चिरेवरून बोट फिरवलं.

"शिकली ही," मोतीबाई हलक्या आवाजात म्हणाली. "आन शिकंल नाय तर काय? आल्या दिवशी वरच्यांनी मानसं मारली. त्यांच्या बायकांच्या बांगड्या या वेशीतच वाढवल्या मी. तवा ही कोंबासारखी होती. लहानपनी ऐकलेलं कोन इसरतं?"

त्यानंतर दोघी तो शब्द तोंडात धरून वावरू लागल्या, जसा एखाद्याने निखारा पदरात धरावा. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. वेशीत पहारा होता. एवढ्या तेवढ्या चिरा वरच्यांनी लगेच बुजवल्या असत्या.

मग एका सकाळी सुभेदार स्वतः दुकानात आला. त्याची मराठी इस्त्रीच्या कापडासारखी होती, कुठे चुणी नाही.

"बाई, आवाज अजून आत येतात. ते बंद व्हावयास पाहिजेत. 'उंच हो' म्हटले तर भिंत फार थोडी चढते. मला मोठा शब्द पाहिजे."

"कसला मोठा?"

"लहान झाड मोठे होते. पोटातले मूल मोठे होते. त्यास तुम्ही काय म्हणता? तू रोज ओरडतेस तो शब्द."

येसूबाईने हातातला नारळ खाली ठेवला. "वाढतं म्हन्तो."

"आणि तसे करण्यास सांगायचे झाले तर?"

मोतीबाईच्या हातातली माळ तशीच राहिली. येसूबाई भिंतीकडे पाहू लागली. भिंतीने नारळ ऐकला होता, दुकानाच्या फळ्या ऐकल्या होत्या, मनगटं ऐकली होती. पण रोज सकाळी 'पोटातलं वाढतंय ना' हेही तिने ऐकलं होतं, तेही आपल्याच तोंडून. तिच्या मनात यातलं काय मुरलंय कुणास ठाऊक. तिने उलटं धरलं, तर आजच्या आज लेकीची हाक तुटणार, आणि तोडणारा शब्द आपण दिलेला असणार. दुसरं काही सांगून वेळ मारून नेता आली असती. चार सकाळी आणखी मिळाल्या असत्या.

"वाढव," ती म्हणाली. "वाढव म्हना."

सुभेदाराने वाटेने जाणाऱ्या धाकलूला थांबवलं. "ए, झाड वाढव म्हणजे काय?"

"म्हंजे मोठं कर की साहेब," धाकलू म्हणाला. ते खोटं नव्हतं.

दुपारी फौज वेशीत रांगेने उभी राहिली. सुभेदार पुढे झाला, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भिंत वाढव!"

भिंत वर चढू लागली.

वीतभर नव्हे, ताडाएवढी. दुकानांवरचं ऊन गेलं. पलीकडे अजून थांबलेली चिमा काहीतरी ओरडत होती. तो आवाज धाग्यासारखा ताणला गेला आणि तुटला. येसूबाईने मोतीबाईचा दंड घट्ट धरला. "आपल्या हातानं केलं गं मी," ती पुटपुटली.

वर गेलेली भिंत क्षणभर थांबली. नारळ आपटण्याआधी हात डोक्यावर जाऊन थांबतो ना, तशी.

मग ती वाढली.

टच्च असा एकच आवाज झाला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलली आणि तिची भकलं खाचरांत आडवी झाली. आतून कोमट, गोडसर वासाचं पाणी वेशीतून वाहू लागलं. त्या पाण्यात तिने ऐकलेलं सगळं होतं: फळ्यांची खडखड, काचेची किणकिण, बायकांचे हुंदके, आणि 'आये, हाइस का गं' ही हाक, एकात एक मिसळलेलं. ज्या ज्या वरच्याच्या पायाला ते पाणी लागलं, तो कडेने विरू लागला, सकाळच्या उन्हात धुकं विरतं तसा.

सुभेदार गुडघ्यापर्यंत पुसट झाला होता. "मी वाढव म्हटले," तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"व्हय," येसूबाई म्हणाली. "आमच्यात मोडलं म्हनत नाय, साहेब."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाणी तुडवत ती वेशीबाहेर गेली. वालाच्या शेताच्या बांधावर चिमा एक हात कमरेवर ठेवून उभी होती. रोज नुसती ऐकलेली लेक. किती जड झाली होती, चेहरा किती उतरला होता!

"आये, पाय भिजले गं तुझे," चिमा म्हणाली आणि रडू लागली.

संध्याकाळी चिमा माहेरच्या चुलीपुढे भिंतीला टेकून बसली. पुढ्यात ताट होतं, वालाच्या आमटीची वाफ वर जात होती.

"आये, वाढ की गं भात. भूक लागलीया."

येसूबाईचा हात भातात थबकला. तिने कान देऊन ऐकलं. घराची भिंत उभी होती. दूर जुना कोटही जागच्या जागी होता. कुठे काही तडकलं नाही.

मग तिने चिमाच्या ताटात भात वाढला, आणि चिमा पुरे पुरे म्हणाली तरी वर आणखी एक मूद ठेवली.