आत्याच्या हाताचं झाकण

औषधांच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं आखणाऱ्या त्या गृहस्थाला घरचे 'झाकणराव' म्हणत. त्याला राग येत नसे, उलट कॉलर ताठ होई. लहान पोरांच्या हाती औषध लागू नये म्हणून केलेलं त्याचं नवं झाकण होतंच तसं. आधी दाबा, मग फिरवा, तरच उघडणार. चाचणीला आणलेली पोरं दात लावून दमली, पण पठ्ठ्या हलला नाही. साहेब खूश. आता साचे तयार व्हायचे होते, आणि ते एकदा झाले की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

त्याच आठवड्यात आत्याला चक्कर आली. आई गेल्यावर याला लहानाचं मोठं केलं ते या आत्यानंच. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, गोळ्या लागू पडत नाहीत, डोस वाढवावा लागेल.

झाकणराव बाटली आणायला आत गेला. मागच्या महिन्यात मोठ्या हौसेनं त्यानंच आत्याच्या गोळ्या नव्या झाकणाच्या बाटलीत भरून दिल्या होत्या. बाटली गळ्यापर्यंत तशीच भरलेली होती.

रोज घेतेस ना, असं त्यानं विचारलं, तर बाई खिडकीबाहेर बघत बसली. सांध्यांवर सुजलेली बोटं तिनं पदराखाली लपवली.

"तुझं झाकण आहे रे," ती शेवटी म्हणाली. "त्याला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? शेजारणीकडून उघडून घेतलं असतं, तर तुझीच शोभा झाली असती."

त्याला तिचा संतापही आला आणि रडूही आलं. आपल्या कौतुकापायी ही बाई जिवावर उदार झाली होती! गोळ्या त्यानं मुकाट्यानं साध्या डबीत काढून दिल्या, डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साचे थांबवा म्हणत साहेबांसमोर उभा राहिला.

साहेब भडकलेच. पोरांच्या चाचणीत पास झालंय, मग आता कसली खोड काढतोस, म्हणाले.

"पोरांना उघडत नाही, साहेब. पण आजारी माणसालाही उघडत नाही."

साहेबांनी झाकण स्वतःच दाबून, फिरवून पाहिलं. मग कुरकुरत का होईना, साचे थांबवले.

घरी आत्याला सक्त ताकीद मिळाली, की आता नावं ठेवायचीच. तो रोज नवा नमुना तिच्यापुढे ठेवू लागला, मग काय विचारता! हे निसरडं, हे पैलवानाला दे, हे कुणी केलं, त्याला आजी नव्हती का? तिच्या जिभेला धारच आली. अखेर एक रुंद झाकण जमलं. तळव्यानं दाबायचं, खोल खाचांत बोटं अडकवायची आणि अख्ख्या हातानं वळवायचं. पोरं पुन्हा दात लावून दमली. आत्या आणि तिच्या वयाची मंडळी मात्र पास झाली. आत्याच्या गोळ्या डबीतून पुन्हा बाटलीत गेल्या, या नव्या झाकणाखाली.

पुढच्या महिन्यात तो कामावरून आला, तर आत्यानं बाटली पुढ्यात ठेवली. त्यानं झाकण काढून आत पाहिलं, उलटी करून हलवली. एकही गोळी नव्हती.

"बघत काय बसलास?" आत्या म्हणाली. "संपल्यात. नव्या आण."

रिकामी बाटली छातीशी धरून झाकणराव तसाच औषधाच्या दुकानाकडे निघाला.