अर्ध्या तोंडाची भूल

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा माझ्या तोंडातून बाहेर काढला आणि म्हणाल्या, "खालची डावी दाढ किडलीये. फार नाही, भरून टाकू. भूल देऊन करू, तुम्हाला कळणारही नाही." मी हो म्हणून वेळ घेतली. ठरल्या दिवशी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दहा मिनिटं बसले, पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि थेट दुकानात येऊन मशीनवर बसले.

सगळ्यांना वाटलं, मी ड्रिलच्या आवाजाला घाबरले. नवरा म्हणाला, "दिवसभर सुईशी खेळतेस आणि एका सुईला पाठ दाखवून आलीस?" मी त्याला बोलू दिलं. एकदा मशीनची सुई माझ्या नखातून आरपार गेली होती, ती मीच पक्कडीनं ओढून काढली आणि गिऱ्हाइकाची पँट वेळेवर दिली. दुखण्याला मी भीत नाही. मी भीत होते भुलीला.

माझ्या मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. भूल उतरता उतरता ती बडबडायला लागली. खाटेभोवती सगळे उभे होते, तिची नणंदही होती, आणि मावशी डोळे मिटून ठणठणीत आवाजात म्हणाली, "वन्संनी दिलेला चहाचा सेट फुटला नव्हता हो, मला आवडला नाही म्हणून मी कुणाला तरी देऊन टाकला." त्यानंतर तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. भूल म्हणजे काय, एवढंच मला त्या दिवशी कळलं, आणि ते पुढं कुणी दुरुस्त केलं नाही. मी विचारलंही नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईनं असलं काही विचारायचं म्हणजे हसं करून घ्यायचं.

आणि माझ्या पोटात जे होतं, ते चहाच्या सेटएवढं साधं नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, एक लांब टेबल आणि कपडे बदलायला पडद्यामागचा कोपरा. नवे कपडे आम्ही शिवत नाही. लांब असेल ते आखूड करायचं, घट्ट असेल ते सैल करायचं, चेन बदलायची, फाटलेलं जोडायचं. दुकान मी आणि माझी मोठी नणंद मिळून चालवतो. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात. वीस वर्षांत दुसरी हाक मला आठवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला सरळ रेघेत टीप मारता येत नव्हती. त्यांनी मला कागदावर रेघा आखून, बिनदोऱ्याच्या सुईनं त्यावर मशीन चालवायला लावलं. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी दोरा ओवून दिला. मी चिडून रडले होते, आणि आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या पंधरा दिवसांचं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बाई पँट परत घेऊन आल्या. एका पायाची दुमड सरळ होती, दुसऱ्याची नागमोडी. ती वन्संनी शिवली होती. वन्सं बँकेत गेल्या होत्या, म्हणून मी चूक माझ्यावर घेऊन तिथल्या तिथं नवी टीप मारून दिली. मग इतर कपडे उलटून पाहिले. बऱ्याच ठिकाणी तेच. रात्री नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ताईच्या डोळ्यांत मधोमध धूसर झालंय, चष्म्यानं जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले, पण कुणाला सांगू नकोस म्हणाली आहे.

तेव्हापासून मी दुकान आठ वाजता उघडते. वन्सं दहाला येतात. त्या दोन तासांत मी त्यांनी आदल्या दिवशी शिवलेलं सगळं उसवते आणि पुन्हा शिवते. उसवलेल्या दोऱ्यांचे तुकडे वेचून पिशवीत भरते आणि ती पिशवी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून येते, दुकानाच्या टोपलीत नाही. दहाला त्या येतात, मशीनवर बसतात, आणि मी जांभई दाबून म्हणते, "आज जरा उशीरच झाला मला उघडायला."

भूल उतरता उतरता मी दुकानात त्यांच्याशेजारीच असणार होते; तेव्हा हे माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं तर? ज्यांनी मला शिवायला शिकवलं, त्यांनाच मी रोज खोडरबरानं पुसतेय, हे त्यांनी माझ्या बरळण्यातून ऐकायचं? त्या एक शब्दही बोलल्या नसत्या. चष्मा डबीत घालून, मशीनवर कापड टाकून घरी गेल्या असत्या, आणि परत आल्या नसत्या. मी त्यांना चांगली ओळखते.

म्हणून मी दाढ सांभाळत बसले. उजवीकडून जेवायचं, थंड पाणी टाळायचं, लवंगेचा बोळा धरायचा. पंधरवड्यानं गाल सुजायला लागला तेव्हा वन्संनी मशीन थांबवली.

"अगं, उद्या अकराची वेळ घेतलीये मी तुझी. मी येणार बरोबर."

"तुम्ही कशाला? मी जाईन की एकटी."

"मागल्या वेळी एकटीच गेली होतीस. पाणी प्यायला."

मी रात्रभर उपाय शोधला आणि सकाळी मला तो सापडला. भुलीत माणूस जे मनात घोळत असेल तेच बोलत असणार. मग मनात दुसरंच काहीतरी घोळवत ठेवायचं. मी वहीतली एक पँट निवडली, चेन बदलायला आलेली, तपकिरी: कंबर चौतीस, उंची एक्केचाळीस, मांडी चोवीस, मोरी म्हणजे पायाचा खालचा घेर सोळा. रस्ताभर मी ती पँट घोकत होते. वन्संनी रस्ता ओलांडताना माझं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "जपून, तुझा तोल जाईल."

डॉक्टरीणबाईंच्या आतल्या खोलीत एक उताणी खुर्ची, तोंडावर येणारा दिवा, हिरवट भिंती आणि हातमोज्यांचा वास होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बाहेर बसा." त्या म्हणाल्या, "मी हात धरते तुझा," आणि स्टूल ओढून बसल्यासुद्धा. मी डॉक्टरीणबाईंकडे आशेनं पाहिलं. त्या म्हणाल्या, "बसू देत की, बरं वाटेल तुम्हाला."

हिरडीत सुई टोचली. मुंगी चावावी एवढंच. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरू केलं, "कंबर चौतीस, उंची एक्केचाळीस, मांडी चोवीस..."

"काय म्हणताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मोरी सोळा," मी म्हटलं.

"घाबरली की मापं म्हणते ती," वन्संनी परस्पर सांगून टाकलं. "सवय आहे धंद्याची."

मी वाट पाहत राहिले. आता डोकं जड होईल, आता खोली फिरेल. काहीच होईना. रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न स्वच्छ ऐकू येत होता. फक्त ओठ डावीकडून जाड होत गेला, मग जीभ अर्धी नाहीशी झाली. एक डोळा उघडून मी कसंबसं विचारलं, "मी केव्हा झोपणार?"

"झोपणार?" डॉक्टरीणबाईंनी सुई ठेवली. "झोपायचं कशाला? ही एवढ्या भागापुरती भूल आहे. तुम्ही जाग्याच राहणार."

मला एवढं हलकं वाटलं, की ड्रिल सुरू झालं तेव्हा मी त्याच्याकडे कौतुकानं लक्ष दिलं. आवाज आमच्या जुन्या मशीनच्या पट्ट्यासारखाच होता, जरा बारीक. किडलेलं कोरून काढलं, धुतलं, सुकवलं, भरलं, निळा दिवा धरला, चावून बघायला लावलं, उंच लागलं ते घासलं. बाईंच्या हाताला सफाई होती. पंचवीस मिनिटांत काम झालं. एवढ्यासाठी मी पंधरा दिवस लवंगा चावल्या, याचा मला स्वतःचाच राग आला.

"तासभर काही खाऊ नका, गाल चावला जाईल. बोलणंही नीट जमणार नाही. थोडा वेळ बाहेर बसा," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. वन्संनी पर्स मांडीवर ठेवली, तिची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली.

"तुला तासभर बोलता येणार नाही म्हणाल्या ना? बरं झालं. मला बोलायचंय आणि तू नेहमी मध्येच तोंड घालतेस." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "रोज सकाळी तू माझं शिवलेलं उसवतेस."

मी उठू लागले, तर त्यांनी कोपर धरून मला बसवलं.

"डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना कळतं गं. गिऱ्हाइकाला कपडा देताना मी घडी घालते, तेव्हा टीप हाताखालून जाते. ती माझी नसते. तुझी टीप मला कळणार नाही? माझ्याच हाताखाली शिकलीस. पहिल्यांदा कळलं तेव्हा फार राग आला तुझा. घरी जाऊन मी जेवलेसुद्धा नाही. मग म्हटलं, हिला एवढ्या सकाळी उठायची हौस थोडीच आहे. गेलं वर्षभर मी टाका मोठा करून शिवते. तुला उसवायला त्रास नको."

मी तोंड उघडलं. त्यातून नुसता वारा आला.

"थांब. विचारशील की मग शिवत कशाला होते. घरी बसून काय करू? आणि तू सांगत नव्हतीस. मी मनाची समजूत घातली की तुला मी तिथं हवीय, म्हणून सांगत नाहीयेस. पण ते माझं मी ठरवलेलं. तू नुसती दयेपोटी करत असशील तर मला नको आहे." त्यांचा आवाज एवढा वेळ सरळ चालला होता, तो इथं अडखळला. "आज तू खरं सांग. हवी आहे का मी?"

मी जोरजोरात मान हलवली. त्या वाट बघत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध जे धूसर होतं, तिथंच माझा चेहरा होता. मी बोलायला गेले. 'हवी' म्हणायला खालचा ओठ लागतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

"हई," मी म्हटलं. "हई, हई."

"काय?"

मग मी त्यांचा हात ओढला, माझ्या गालावर धरला आणि पुन्हा मान हलवली, वर खाली, वर खाली. बधिर गालाला त्यांचा हात कळत नव्हता. त्यांना मात्र सगळं कळलं असावं, कारण बोटं आधी ताठ होती ती हळूहळू सैल झाली. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या मनगटापर्यंत गेलं. एक गृहस्थ आत आले, आमच्याकडे पाहिलं आणि घाबरून दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

"असं एवढं दुखत नाही हो," वन्संनी त्यांना सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून उसवायचं काम माझं. गिऱ्हाइकांचं, माझं नाही. जुनी टीप बोटांनी सापडते मला, तुझ्यापेक्षा लवकर उसवीन. शिवायचं तू. आणि आठला यायचं असेल तर मलाही हाक मार, एकटीनं काय चहा पितेस."

मी त्यांच्या तळहातात मान हलवली.

"बरं. आता तोंड पूस," त्या म्हणाल्या. "माझा हात ओला झालाय, आणि ते सगळं काही डोळ्यांतलं नाही."